कोरं नाव

करुणाचं नाव कुणी ठेवलं कोण जाणे. बजाजनगरात तिच्या गल्लीत विचाराल तर करुणा नावाची चीज तिच्यात तोळाभर सापडायची नाही, असंच कुणीही सांगेल. वाळूजच्या एका कारखान्यात ती पॉवर प्रेसवर काम करते. पत्र्याची पट्टी आत सारायची, हात मागं घ्यायचा, पेडल दाबायचं, की वरून साठ टनांचा ठोका पडतो. दिवसाला दोन-अडीच हजार ठोके. तिच्या डोळ्यांदेखत तिथं तीन बायांची बोटं गेली, तिची दहाच्या दहा जागेवर आहेत. डाव्या कानानं मात्र तिला ऐकू येत नाही आणि जबडा एका बाजूला कलला आहे. ते मशीनचं काम नाही, नवऱ्याचं आहे.

नवरा म्हणजे सत्यम. करुणाचे वडील अप्पाराव वैजापूरच्या बाजार समितीत मापाडी, कांद्याच्या गोण्या तोलण्यात जन्म गेला, पण जावई तोलायची वेळ आली तेव्हा त्यांचा काटा चुकला. सत्यम दिसायला राजबिंडा, बोलायला साखर. परक्या बाईला बसायला खुर्ची देईल, आणि घरातल्या बाईला पाणी आणायला दोन मिनिटं उशीर झाला तर तांब्या फेकून मारील. असल्या माणसाला गल्लीत फार मान असतो. चारचौघांत गोड असला की झालं, घरात तो काय करतो ते बघायला कुणाला वेळ नसतो.

त्यानं दोन मोटरसायकली हप्त्यावर घेतल्या आणि दोन्हींचे हप्ते बुडवले. २०१६ साली कांदा वाहायला पिकअप घ्यावी असं त्याच्या मनानं घेतलं, तेव्हा फायनान्सवाल्यानं त्याचा सिबिल रिपोर्ट काढला आणि मान हलवली. मग खुर्ची पुढं ओढून विचारलं, घरात कोरं नाव कुणाचं आहे?

हा प्रश्न या भागात रोज विचारला जातो. कोरं म्हणजे ज्या नावावर अजून एकही कर्ज उचललेलं नाही ते. गडी आधी स्वतःचं नाव नासवतात, मग बायकोचं काढतात, मग आईचं. टपरीवर चहा पिता पिता सांगतात, आमच्या घरात अजून दोन कोरी आहेत, जशी काही कोठीत दोन पोती शिल्लक आहेत. ज्यांची नावं असतात त्या बाया घरी भाकरी थापत असतात. एक दिवस नवरा नेहमीपेक्षा लवकर घरी येतो आणि त्याच्या हातात कागद असतात, एवढंच त्यांना कळतं.

करुणानं सही करायला नकार दिला. तेव्हा ती प्रेसवर नुकतीच लागली होती, पगार स्वतःच्या खात्यात येत होता आणि त्या खात्याचा तिला गर्व होता. पहिल्या दिवशी सत्यमनं पट्ट्यानं मारलं. दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या तनुजाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या पोरीला, समोर बसवून तिच्या आईचं डोकं भिंतीवर आपटलं. तिसऱ्या दिवशी करुणाचा डावा हात दाराच्या फटीत धरला आणि दार ओढून घेतलं. हाड मोडल्याचा आवाज पोरीनंही ऐकला. सत्यमला अक्कल होती, सहीचा हात त्यानं शाबूत ठेवला.

चौथ्या दिवशी फायनान्सचा माणूस घरी आला. प्लास्टर बघून म्हणाला, वहिनी, जपून राहत जा ना. मग त्यानं जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं तिनं सही केली. अठरा सह्या. एकही वेडीवाकडी आली नाही, आणि पुढं तेच तिच्या आड आलं.

गाडीचे चार हप्ते गेले, पाचवा गेला नाही. गाडी सत्यम चालवायचा, भाडं सत्यम घ्यायचा, पण कागदावर कर्जदार करुणा. वसुलीची माणसं तिच्याकडेच येणार. आधी फोनवर शिव्या आल्या, त्याही अशा की ऐकणाऱ्यानं कान धुवावेत. मग एका दुपारी दोघं जण घरात शिरले. एकानं गॅसची टाकी बाहेर ओढली, दुसऱ्यानं तिची वेणी मुठीत धरून तिला पायरीपर्यंत फरफटत नेलं. तिथं तिनं त्याचा अंगठा दातात धरला आणि हाड लागेपर्यंत सोडला नाही. टाकीवाला धावत आला, त्याच्या कानामागं उलथनं बसलं. त्याला पाच टाके पडले. बाहेर गल्ली जमली होती आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल होता, एकाचाही हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी बांधून ती स्वतः फायनान्सच्या ऑफिसात गेली. गाडी कुठं आहे ते सांगते, म्हणाली, घेऊन जा आणि माझं नाव सोडा. गाडी वैजापूरच्या बाहेर एका गोदामामागं ताडपत्रीखाली उभी होती. तिला वाटलं, वस्तू परत केली की देणं संपतं. बाजारात साडी परत केली की पैसे फिटतात, तसाच हिशेब तिनं धरला. कंपनीनं गाडी ओढून नेली, निम्म्या किमतीत लिलावात काढली, आणि उरलेले दोन लाख अडतीस हजार तिच्याच नावावर ठेवले. हे तिला कुणी सांगितलं नाही. ऑफिसातल्या माणसानं फक्त मान डोलावली आणि पाणी दिलं.

गाडी कुणी दाखवली हे सत्यमला आठ दिवसांत कळलं. ऑक्टोबर २०१७, रविवार, दुपारचे बारा. करुणा नळावर कपडे धूत होती. तो गल्लीच्या तोंडाकडून चाकाचा पाना हातात घेऊन आला, शांतपणे, जसा कुणी पंक्चर काढायला निघावा. पहिला घाव कानावर बसला, दुसरा जबड्यावर. तिला आकाश दिसलं, मग काहीच दिसलं नाही. तिसरा घाव तनुजा मधे पडली म्हणून फरशीवर बसला, आणि फरशीचा तुकडा उडून पलीकडच्या बाईच्या पायाला लागला. तेव्हा कुठं ती बाई ओरडली आणि गल्लीला जाग आली.

घाटी दवाखान्यात तिचा जबडा तारेनं बांधला. अप्पाराव वैजापूरहून आले, पोरीच्या उशाशी बसून रडले आणि डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, मिटवून टाक बाई, सुटून आल्यावर तो सुधारंल. तिला बोलता येत नव्हतं. तिनं तनुजाची पाटी मागितली आणि तिच्यावर एक शब्द लिहिला, नाय. कोर्टातही तिनं तेच केलं. तोवर जबडा उघडत होता. साक्ष देताना तिनं प्रत्येक घाव मोजून सांगितला, कुठं बसला, कसा बसला. सत्यमच्या वकिलानं विचारलं, तुम्हाला नवऱ्याचा राग आहे का? ती म्हणाली, लई. सत्यमला सात वर्षांची सक्तमजुरी झाली आणि तो हर्सूलच्या कारागृहात गेला. अटकेपासूनचे दिवस त्या सातांत धरले गेले.

आता करुणाला एकच गोष्ट हवी होती, स्वतःचं दार. भाड्याची खोली तिला पुरत नव्हती असं नाही, पण भाड्याच्या खोलीची दुसरी किल्ली मालकाकडे असते आणि नवरा म्हणून कुणी समोर उभा राहिला की मालक ती काढून देतो. सत्यम आत असतानाही त्याचे भाऊ दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मालकानं दार उघडून दिलं आणि दोन्ही वेळा महिनाअखेरीला खोली सोडायची पाळी तिच्यावरच आली. तो सुटून यायच्या आत जिची किल्ली फक्त तिच्या कमरेला असेल अशी एक खोली तिला घ्यायची होती. ओव्हरटाइम करून तिनं पैसे साठवले. प्रेसवर ती कायम झाली. २०२२ च्या दिवाळीनंतर सगळे कागद पिशवीत घालून ती शहरातल्या एका बँकेत गेली.

कर्जाच्या टेबलावर वैदेही मॅडम होत्या, चष्मा लावलेल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या पाहिल्या, भविष्य निर्वाह निधी पाहिला, तोंड खुललं. मग रिपोर्ट उघडला आणि ते तोंड मिटलं. पिकअपचं कर्ज कंपनीनं मार्च २०१९ मध्ये बुडीत म्हणून दाखवलं होतं. मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि समजावून सांगितलं, की अशी नोंद साधारण सात वर्षं रिपोर्टवर राहते. बाकी आज भरली तर भरल्याची नोंद होईल, पण बुडाल्याची खूण तशीच दिसत राहील, आणि ती दिसते तोवर आमची बँक घराला कर्ज देणार नाही. सात वर्षं म्हणजे मार्च २०२६.

करुणानं त्यांना सगळं सांगितलं, हात, दार, प्लास्टर, अठरा सह्या. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी स्वतः तक्रार भरून दिली. महिन्याभरानं कंपनीचं उत्तर आलं, सही तपासली, सही ग्राहकाचीच आहे. कोर्टाचा निकालही जोडला होता, पण निकालात २०१७ चा मार होता, २०१६ चा नव्हता.

"सही तुमचीच आहे ना, करुणाताई?" मॅडमनी विचारलं.

"माझीच हाये."

"मग मला पुढं काही करता येत नाही. सही कशी घेतली याला त्या रिपोर्टात रकाना नाही."

तिनं पिशवी उचलली. मॅडमचा राग तिला आला नाही. राग आला तो त्या स्क्रीनचा, आणि जिन्यावरून उतरताना तिनं भिंतीवर अशी थाप मारली की वॉचमन उठून उभा राहिला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कळलं की सत्यम लवकर सुटणार. तुरुंगात चांगलं वागलं की दर महिन्याला काही दिवसांची सूट मिळते. आता गोड वागणं हा तर त्याचा धंदाच. साहेबांना नमस्कार, बागेला पाणी, भजनाला पहिल्या रांगेत. सूट साठत गेली आणि सात वर्षं पावणेसहात आटोपली. जुलै २०२३ मध्ये तो बाहेर आला. जिनं मार खाल्ला तिची सात वर्षं अजून पावणेतीन वर्षं शिल्लक होती, आणि तिला एका दिवसाची सूट द्यायला कुणी बसलेलं नव्हतं. या हिशेबानं करुणाचं रक्त उकळायचं. उकळायलाच हवं.

पहिली पाळी तीनला सुटते. त्या दिवशी ती घरी आली तर दार उघडं. काकासाहेब, तिचे तेव्हाचे घरमालक, ओट्यावर पान लावत बसले होते. म्हणाले, तुमचे मालक आलेत, मी किल्ली दिली. आत सत्यम खाटेवर मांडी घालून बसला होता आणि तनुजा भिंतीला पाठ लावून चहा गाळत होती. सोळा वर्षांची झाली होती पोरगी. निम्मा चहा गॅसपाशी सांडला होता.

सत्यम बराच वेळ गोड बोलला. मागचं विसरून जा, मी बदललो, आता मालवाहू गाडी घेऊन इमानदारीनं धंदा करायचाय. मग त्यानं बशीतला चहा फुंकरला आणि सहज विचारलं, तुझं नाव आता साफ झालं असंल ना? करुणा म्हणाली, नाय झालं, मार्च सव्वीसपर्यंत मला कुणी रुपया देणार नाय. त्याला वाईट वाटलं असावं. मग त्याची नजर पोरीकडे गेली.

"हिला अठरा कधी पुरी व्हत्यात?"

मोरीपाशी कपडे धोपटायची मोगरी उभी होती. करुणानं ती कधी उचलली ते तिलाही आठवत नाही. पहिला रट्टा गुडघ्यावर बसला, तेव्हा बशी उडाली. तो उठायला गेला, दुसरा त्याच गुडघ्यावर. मग खांदा, मग बरगड्या, मग पाठ. तो रांगत दाराकडे निघाला, तशी ती त्याच्या मागं मागं, पट्टी सारावी, ठोका टाकावा, तशी लयीत मारत गेली. त्यानं पाय धरले, तिनं हातावर मारलं. त्यानं आईची शपथ घातली, तिनं तोंडावर मारलं, दोन दात ओट्यावर पडले, काकासाहेबांच्या पानाच्या डब्याशेजारी. काकासाहेब उठून आत पळाले. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, तिनं त्याला कधी अरे म्हटलं नव्हतं.

"पोरीचं नाव पुन्हा तोंडातून काढलंस तर जीभ उपटून हातात देईन तुझ्या," ती म्हणाली, "चल, सरपटत जा."

तो सरपटत गेला. दवाखान्यात त्यानं जिन्यावरून पडलो असं सांगितलं, कारण बायकोनं मारलं हे सांगायची त्याला लाज वाटली. गुडघा कायमचा गेला. त्या दिवसाचा करुणाला काडीचाही पश्चात्ताप नाही, उलट त्या रात्री तिला सात वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. महिनाअखेरीला काकासाहेबांनी खोली सोडायला सांगितली. मायलेकी पुन्हा दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मालकाच्या किल्लीखाली. सत्यम लंगडत का होईना हिंडत होता, आणि नवी खोली सापडंल मला, असा निरोप त्यानं भावाकरवी पाठवला होता. म्हणजे दाराची गरज संपली नव्हती, वाढली होती.

पावणेतीन वर्षं तिनं कशी काढली ते तिच्या कॅलेंडरांना विचारावं. दर महिन्याची पहिली तारीख ती फुलीनं खोडायची. २०२६ चा मार्च संपला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती बँकेत जाऊन बसली. वैदेही मॅडमनी तिला ओळखलं. रिपोर्ट उघडला. पिकअपची ओळ गेली होती, जणू ती गाडी कधी रस्त्यावर आलीच नव्हती. करुणाला वाटलं, आता मॅडम हसतील. मॅडम हसल्या नाहीत.

त्यांनी सांगितलं, आता तुमच्या नावावर काहीच नाही, वाईट नाही तसं चांगलंही नाही. वय बेचाळीस, पगार एकटीचा, घरांच्या किमती मधल्या काळात वर गेलेल्या. बरोबर सही करणारा एक कमावता माणूस लागेल. मुलगी कमावते ना? तनुजा एकोणीस वर्षांची झाली होती, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागून तिला आठ महिने झाले होते. तिचं नाव घ्या, मॅडम म्हणाल्या, एकदम कोरं आहे, काम लगेच होईल.

घर करुणानं बघून ठेवलं होतं, हर्सूलकडे, पहिल्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. त्या रस्त्यानं कारागृह लागतं म्हणून सत्यम तिकडे वळायचा नाही, असाही तिचा एक आडाखा होता. बिल्डरनं सोमवारपर्यंत मुदत दिली होती. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं फरशीवर कागद पसरले आणि पोरीपुढं पेन ठेवलं.

तनुजानं कागद वाचले, सगळे, एक एक करून. मग पेन परत आईकडे सरकवलं. सही करणार नाही म्हणाली. करुणानं समजावलं, हप्ते मी भरीन, तुला एक पैसा भरावा लागायचा नाही. पोरगी म्हणाली, तू कंपनीत पडलीस, आजारी पडलीस तर? मग माझ्या नावावर सात वर्षं. मला पुढं शिकायचंय, त्यालाही कर्ज लागंल. करुणा म्हणाली, घर तुझ्यासाठीच घेते ना. आवाज चढला होता. सोमवार डोळ्यांपुढं होता, दाराची किल्ली डोळ्यांपुढं होती, साडेआठ वर्षं डोळ्यांपुढं होती.

"पप्पाबी असंच म्हणायचे," तनुजा म्हणाली, "तुमच्यासाठीच घेतो म्हणायचे."

करुणाचा हात सुटला. दहा वर्षं लोखंडाजवळ राबलेला हात, पूर्ण ताकदीनं. पोरगी मांडणीवर आदळली, दोन डबे खाली आले, डाळ फरशीभर पसरली. ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं. ती रडली नाही. ओढणीनं हनुवटी पुसून ती पुन्हा कागदांपुढं येऊन बसली, मान खाली घालून तिनं पेन उचललं आणि विचारलं, "कुठं कुठं करायची?"

तो आवाज करुणाला ओळखीचा होता, तो तिचाच होता. सत्यमला तिनं दाराबाहेर सरपटत घालवलं होतं, आणि तो इथं, या खोलीत, तिच्याच अंगात उभा होता. आता मोगरी कुणावर उचलायची? तिनं पोरीच्या हातातलं पेन हिसकावून घेतलं, कागद गोळा केले आणि फाडले, आधी अर्धे, मग चौथाई, मग फाटेनात इतके बारीक. हर्सूलचं घर गेलं. तनुजाचं नाव कोरं राहिलं.

मग ती गुडघ्यांवर पोरीजवळ सरकली आणि ओठावरचं रक्त पुसायला तिनं पदर पुढं केला. तनुजानं दोन्ही हात तोंडावर आडवे धरले.